दोघींचा एक पाळणा

मित्रांनो, बारशाच्या दिवशी तुम्ही मला पाहता. झेंडूच्या माळा, रंगीत फुगे, खाली ओल्या हरभऱ्याच्या घुगऱ्या. घुगऱ्या खाऊन तुम्ही घरी जाता. त्यानंतर माझं काय होतं, ते फार थोड्यांना ठाऊक असतं. मी सागवानी लाकडाचा एक जुना पाळणा आहे. वय एकतीस वर्षं. त्यातली अठ्ठावीस वर्षं मी माळ्यावर अगदी स्वस्थ पडून होतो. गेल्या वर्षभरात मात्र मला घटकाभरही स्वस्थता नव्हती. मला सांगायचं आहे ते त्या अस्वस्थ दिवसांबद्दलच.

माझा जन्म उदगीरचा. ईश्वरप्पा सुतारांनी मला घडवलं. माधवराव तेव्हा तिथल्या शाळेत गणित शिकवत असत आणि त्यांना नुकतीच मुलगी झाली होती. मला पाहून ते म्हणाले, "ईश्वरप्पा, एवढा रुंद कशाला केलात? यात दोन लेकरं मावतील."

"फळी लई झकास होती सर," ईश्वरप्पा म्हणाले, "कापायला जीवच होईना."

माझ्यात पहिल्यांदा झोपली ती मालविका. ती शहाणी, शांत मुलगी होती. चार झोके दिले की झोपायची. मला वाटलं, पाळण्याचं काम म्हणजे एवढंच. दीड वर्षात तिचे पाय माझ्या कठड्याला टेकू लागले आणि मला उतरवून ठेवण्यात आलं. पुढे माधवरावांची बदली लातूरला झाली, तिथे त्यांनी घर बांधलं आणि मी माळ्यावर गेलो. माझ्यात आधी गाद्या ठेवल्या, मग जुन्या उत्तरपत्रिका, मग फुटका टेबल फॅन. एक कडी गंजली. उंदरांनी एका कोपऱ्यात संसार थाटला. खालून आवाज ऐकू यायचे. मालविका मोठी झाली, तिचं लग्न झालं, ती नांदेडला राहायला गेली. एके वर्षी तिची आई आजारी पडली आणि गेली. त्यानंतर घरातून आवाज येणंच कमी झालं.

मग एका सकाळी माधवराव स्वतः शिडी लावून वर आले. वय सहासष्ट. शिडी हलत होती. त्यांनी मला खाली आणलं, कडक उन्हात ठेवलं, घासलं, तेल पाजलं. चारही साखळ्या नव्या आणल्या. छताच्या हुकाला मला टांगलं आणि माझ्यात वीस किलो ज्वारीचं पोतं ठेवून तासभर झोके देत बसले. शेजारच्या बाईंनी दारातून विचारलं, "सर, हे काय?"

"तपासून बघतोय," माधवराव म्हणाले. "मालूला जुळं आहे."

मालविकाचं बाळंतपण माहेरी होणार, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. घरात बाईमाणूस नाही, म्हणून सगळ्यांनी त्यांना समजावलं. मालविकाच्या सासूबाई, धोंडाबाई, लोह्याजवळच्या गावात राहतात. त्यांनी फोनवर सांगितलं, "गुरुजी, बाप्या माणसाला हे जमायचं न्हाई. पोरीला आमच्याकडं पाठवा."

"विहीणबाई," माधवराव म्हणाले, "हिची आई असती तर हिला इथेच आणलं असतं ना? मग मी आहे की."

जानेवारीत दोन मुली झाल्या. अकरा मिनिटांनी मोठी ती मनस्विनी, धाकटी ऋतुजा. घरात त्या मनू आणि ऋतू झाल्या. मनू गोल गरगरीत होती. ऋतू इतकी लहान होती की दुपट्यात गुंडाळली की दुपटंच दिसायचं. दोघींना माझ्यात शेजारी शेजारी झोपवलं तेव्हा मी मनूच्या बाजूला कलायचो. मग माधवरावांनी ऋतूच्या बाजूला एक घट्ट घडी केलेली चादर ठेवली आणि मी सरळ झालो.

मित्रांनो, जुळी म्हणजे दुप्पट काम, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटायचं. तसं नसतं. एकीला झोप लागली की दुसरी उठते. दुसरीला पाजून ठेवलं की तिच्या ढेकराच्या आवाजाने पहिली दचकते. मनूला जोरात झोका लागायचा, ऋतूला अगदी हळू. जोरात दिला तर ऋतू घाबरायची, हळू दिला तर मनू खवळायची. मी मधल्या चालीने हलायचो आणि दोघीही रडायच्या. सकाळ कधी झाली आणि दुपार कधी टळली, ते कळेनासं झालं. साखळीचा आवाज करकर, करकर चालूच. मला थांबू देत नव्हते आणि थांबलो तर मीच धास्तावायचो, की आता कोण उठणार?

उन्हाळ्यात नळाला पाणी आठवड्यातून एकदाच यायचं. रोजचे तीस-चाळीस लंगोट धुवायचे. माधवराव पहिल्या पाण्यात दुपटी, दुसऱ्यात लंगोट, आणि उरलेलं पाणी झाडांना असं करत. गच्चीवर दोऱ्यांवर पांढऱ्या लंगोटांच्या रांगा लागत. मालविकाला आणि मुलींना तेल लावून न्हाऊ घालायला गोदावरीबाई यायच्या. माधवरावांनी मोबाइलवर बघून डिंकाचे लाडू केले. गोदावरीबाईंनी एक लाडू हातात घेऊन पाटावर आपटला आणि म्हणाल्या, "सर, ह्याला फोडायला बत्ता आणा." त्या दिवशी मालविका पोट धरून हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

आनंदाचे क्षणही होते, आणि ते अवचित येत. माधवरावांना एकही अंगाईगीत येत नव्हतं, म्हणून ते पाढे म्हणायचे. बे एके बे पासून सुरू करायचे. मनू बाराच्या पाढ्याला झोपायची, ऋतूला सतरापर्यंत न्यावं लागायचं. एकदा दोघी एकदम शिंकल्या आणि एकमेकींकडे असं पाहू लागल्या, की जणू दुसरीनेच आपल्याला शिंकवलं. एकदा ऋतूने मनूचा अंगठा आपला समजून तोंडात घातला आणि मनू शांतपणे पाहत राहिली. मालविका माझ्या कठड्याला गाल टेकून हे सगळं बघायची. बघता बघता तिचे डोळे मिटायचे. मग कुणीतरी रडायचंच.

मालविकाचा नवरा सत्यम धर्माबादला सरकारी कचेरीत नोकरी करायचा. नांदेडहून रोज जाऊन-येऊन. शनिवारी संध्याकाळी लातूरला यायचा आणि रविवारी परत जायचा. आला की दोघींना दोन खांद्यांवर घेऊन अंगणात फिरायचा. पण तो गेला की पुन्हा बाप-लेक दोघंच.

एप्रिलच्या एका दुपारी ती गोष्ट घडली. वीज गेली होती. माधवराव गल्लीत आलेल्या टँकरवर पाणी भरायला गेले होते. मालविका भिंतीला टेकून ऋतूला पाजत बसली होती आणि मला बांधलेली दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून मनूला झोका देत होती. तीन दिवस ती सलग दोन तासही झोपली नव्हती. तिचा पाय हळू झाला. मग थांबला. मी आपल्या आपण दोन हेलकावे घेतले आणि मीही थांबलो. तेवढ्यात ऋतू तिच्या मांडीवरून गोधडीवर घसरली आणि गोधडीवरून फरशीवर.

ती किंचाळली. मनूही किंचाळली. पण मालविका उठली नाही. मित्रांनो, मी लाकडाचा, तरी मला ते अजून आठवतं. दोन लेकरं टाहो फोडत होती आणि त्यांची आई दोन हातांच्या अंतरावर बसून होती, मान खाली घालून, गाढ. मी काही करू शकत नव्हतो. मला कुणी हलवल्याशिवाय मला हलताही येत नाही.

बादली दारात टाकून माधवराव धावत आत आले. ऋतूला उचलून त्यांनी मालविकाला हलवलं तेव्हा तिने डोळे उघडले.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की बाळाला काहीही झालेलं नाही. कपाळावर थोडं लाल होतं, तेही संध्याकाळपर्यंत गेलं. मालविकाच्या मनातून मात्र ते गेलं नाही. ती माझ्याजवळ उभी राहून पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, "बाबा, मला तिचं रडणं ऐकूच आलं नाही. ती रडत होती आणि मला ऐकूच आलं नाही."

माधवराव ऋतूला खांद्यावर घेऊन पाढे म्हणत फिरत होते.

दोन दिवसांनी धोंडाबाई आल्या. पिशवीत गावरान तूप, हळद आणि मुगाची डाळ. त्यांनी घर पाहिलं, सुनेचा चेहरा पाहिला, माधवरावांचे सुजलेले पाय पाहिले. मग जमिनीवर बसून सरळ बोलल्या.

"मालू, असं कितीक दिवस करून राहणार तू? एक लेकरू माझ्याकडं दे. मनू धट्टीकट्टी हाय, वरच्या दुधावर राहती. ऋतू नाजूक हाय, ती तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे. चार महिन्यांनी घेऊन जा."

माधवराव म्हणाले, "नाही. विहीणबाई, असं नको. मी अजून थकलेलो नाही."

"तुम्ही थकलाव गुरुजी," धोंडाबाई म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता. "दिसतंय की."

माधवरावांनी लेकीकडे पाहिलं. ती नाही म्हणेल, असं त्यांना वाटलं होतं. मलाही. मालविका खाली बघत म्हणाली, "न्या."

तिने सत्यमला फोन केला. तो म्हणाला, "तुम्हाला तिकडे जे जमेल ते करा. मी इथून काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मनू गेली. धोंडाबाईंनी तिला कुंची घातली, काजळाची तीट लावली आणि पदराखाली घेतलं. मालविका दारापर्यंत गेली. परत येऊन झोपली ती दुपारपर्यंत झोपली. उठल्यावर जेवली, पुन्हा झोपली. दुसऱ्या दिवशी तिने केस धुतले, वर्तमानपत्र वाचलं. माधवरावांनी माझ्यातली चादरीची घडी काढून ठेवली, कारण आता ती कुणाच्या बरोबरीसाठी ठेवायची? ऋतू मधोमध झोपू लागली. मी हलका झालो होतो. हळू झोका, एकच चाल. मी इतके दिवस हेच तर मागत होतो. मग मला चैन का पडत नव्हतं, ते मला सांगता येईना.

तिसऱ्या दिवशी मालविकाने ऋतूला पाजलं, माझ्यात ठेवलं आणि सवयीने दुसरीला उचलायला पुन्हा वाकली. हात रिकाम्या गादीवर गेले. ती तशीच वाकून उभी राहिली. पाचव्या दिवशी तिने ऋतूला तीनदा मनू म्हणून हाक मारली. सहाव्या दिवशी ती वडिलांना म्हणाली, "बाबा, मला बरं वाटलं हो. ती गेली तेव्हा मला बरं वाटलं. मी कसली आई आहे?"

"झोप झालेली आई आहेस," माधवराव म्हणाले. "माणसाला झोप मिळाली की बरं वाटतंच." पण ते स्वतः दुपारी पाढे म्हणता म्हणता बाराशी थांबत, आणि मग त्यांना पुढचं आठवायला वेळ लागे.

शनिवारी सत्यम यायचा होता. त्याच दुपारी धोंडाबाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्या खुशीत होत्या. "मालू, बघ तुझी लेक! सकाळीच पालथी पडली. आपल्या आपण! तुझा सासरा तर नाचायलाच लागला."

मोबाइलवर मनू पोटावर पडून मान वर काढत होती. मालविकाने हाक मारली, "मनू! ए मनू!" मनूने मान फिरवली, पण ती धोंडाबाईंकडे. त्यांच्याकडे बघून तोंडभर हसली.

मालविकाही हसली. छान छान म्हणाली. फोन ठेवला आणि माझ्या साखळीला धरून रडली.

संध्याकाळी सत्यम आला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ ऋतूला झोका देत उभा होता. हात माझ्या कठड्यावर, नजर दुसरीकडे.

"मालू," तो म्हणाला, "मी माझ्या आईला अक्का का म्हणतो, तू कधी विचारलं नाहीस."

"तुमच्याकडे तसं म्हणत असतील, असं वाटलं."

"नाही. माझे भाऊ आईच म्हणतात. मी दीड वर्षाचा असताना धाकटा झाला, म्हणून मला हिमायतनगरला आजोळी ठेवलं. चार महिन्यांसाठी. तिथे मामा, मावशी सगळे तिला अक्का म्हणायचे. मग मीही म्हणू लागलो. चार महिन्यांची सहा वर्षं झाली. न्यायला आली तेव्हा मी आजीच्या मागे लपलो होतो. तिचं काही चुकलं असं नाही म्हणत मी. तिने माया कमी केली नाही. पण अक्का म्हणतो ते म्हणतोच. आता बदलता येत नाही."

"मग फोनवर का नाही बोललात?" मालविकाचा आवाज चढला. "त्या दिवशी का गप्प बसलात?"

"कारण मी तिथे बसून नको म्हणणार, आणि सोमवारपासून जागणार तू आणि बाबा. कोणत्या तोंडाने म्हणू?"

माधवराव पाणी घेऊन आले होते, ते दारातच थांबले. मग त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि खुर्चीत बसले. "मलाही एक सांगायचं आहे," ते म्हणाले. "मी थकलो आहे. विहीणबाई बरोबर बोलल्या होत्या. मला एकट्याने करून दाखवायचं होतं. तुझ्या आईने तुला एकटीने वाढवलं, मी तेव्हा पेपर तपासत बसायचो. वाटलं, आता भरून काढू. पण हे एकट्याचं काम नाही. तेव्हाही नव्हतं."

त्याच बैठकीत सत्यमने साहेबांना फोन लावला आणि महिनाभराची रजा मागितली. साहेब कुरकुरले, पण पंधरा दिवसांवर तयार झाले. मग त्याने लोह्याला फोन केला. आजोळची गोष्ट त्याने काढली नाही. एवढंच म्हणाला, "अक्का, मनूला घेऊन ये. आणि तूही राहा. तुझ्याशिवाय होणार नाही."

धोंडाबाईंनी विचारलं, "तुला ते आठवून राहिलं ना रे?"

"हो."

"मलाबी रोज आठवतंय," त्या म्हणाल्या. "उद्याच्या गाडीनं येते. म्हशीचं तुझा बाप बघंल."

रविवारी दुपारी मनू आली. मालविकाने धावत जाऊन तिला घेतलं, तर मनूने ओठ काढले आणि भोकाड पसरलं. धोंडाबाई पुढे आल्या, मग मागे सरल्या. "मी आत जाते," त्या म्हणाल्या. "मला बघून ती तुझ्याकडं राहायची न्हाई." त्या स्वयंपाकघरात जाऊन दाराआड बसून राहिल्या. अर्धा तास मनू रडत होती. मालविका तिला छातीशी धरून खोलीत येरझाऱ्या घालत होती. हळूहळू रडणं हुंदक्यांवर आलं. मग मनूने आईच्या मंगळसूत्राची वाटी मुठीत धरली आणि तोंडात घातली.

दोघींना माझ्यात ठेवलं तेव्हा आता काहीतरी गोड बघायला मिळेल म्हणून सगळे भोवती जमले. ऋतूने मनूचे केस धरून ओढले. मनूने लाथ मारली. दोघीही गळा काढून रडू लागल्या. आणि मालविका हसत हसत रडू लागली. माधवराव चादरीची घडी शोधायला धावले.

पुढचं सोपं झालं, असं मी सांगणार नाही. चौघं होते तरी लंगोट तेवढेच होते आणि पाणी आठवड्यानेच येत होतं. धोंडाबाई आणि माधवराव यांची कुंची घालावी की नाही, यावरून रोज वादावादी व्हायची. पण आता रोज दुपारी दोन तास मालविकाच्या खोलीचं दार बंद असायचं आणि कितीही रडारड झाली तरी ते दार कुणी वाजवायचं नाही, असं ठरलं होतं. जूनअखेरीस सगळे नांदेडला गेले. मीही टेम्पोतून गेलो. माधवराव लातूरच्या घराला कुलूप लावून वर्षभरासाठी आले आणि धोंडाबाई महिन्यातले दहा दिवस येऊ लागल्या.

आता दोघी वर्षाच्या झाल्या आहेत. माझा कठडा धरून उभ्या राहू लागल्या तेव्हा सत्यमने मला खाली उतरवलं. पडतील म्हणून. मला वाटलं, पुन्हा माळा. पण त्याच आठवड्यात समोरच्या मन्मथच्या घरी बाळ आलं. मन्मथ मला मागायला आला. "ताई, पाळणा द्याल का? एकच लेकरू आहे, पण बायको पार बेजार झाली."

"देते," मालविका म्हणाली, "पण पाळण्याबरोबर मीही येते."

मन्मथला आधी काही समजलं नाही. दोघांनी मला उचलून नेलं, हुकाला टांगलं, साखळ्या ओढून पाहिल्या. मन्मथची बायको पलंगावर बसली होती. डोळे लाल, केस विस्कटलेले, मांडीवर रडणारं बाळ. मालविकाने तिच्या हातातून बाळ घेतलं.

"एकच तर आहे हो ताई," ती बाई ओशाळून म्हणाली. "तुम्ही दोन वाढवल्या. मला एक जमेना."

"एक काय आणि दोन काय," मालविका म्हणाली, "झोप सगळ्यांचीच मोडते. तू दार लाव आणि झोप. पाच वाजेपर्यंत मी आहे, माझ्या दोघी बाबांपाशी आहेत. उद्याही येते."

तर मित्रांनो, तुमच्या ओळखीत कुणाकडे तान्हं बाळ असेल, तर बारशाला जरूर जा. पण बारसं झाल्यावर, माळा सुकल्यावर आणि पाहुणे पांगल्यावरही एकदा जा. खुळखुळा नेला नाही तरी चालेल. दोन तास मला झोका द्या आणि त्या आईला झोपू द्या. मी लाकडाचा आहे, मी थकत नाही. ती थकते आणि बहुतेक वेळा कुणाला सांगत नाही.

दार बंद झालं आहे. आतून काही आवाज येत नाही. मालविका मला हळू झोका देते आहे आणि नवीन बाळ डोळे उघडे ठेवून छताकडे बघतं आहे. त्याला अजून झोपायचं नाही.